नायगारा अमेरिकेकडून बघावा की कॅनडाकडून? आई-बाबांना घेऊन जायचंय

टिळकवाडी_तिसरं_गेट :
नमस्कार मंडळी. जुने धागे शोधून बघितले, सगळे दहा-बारा वर्षांपूर्वीचे आहेत आणि निम्म्यातले फोटो उडालेत, म्हणून नवीन काढतोय. माझी बहीण रॉचेस्टरला असते, सप्टेंबरात आई-बाबांना घेऊन तिच्याकडं जायचं ठरलंय. अमेरिकेचा व्हिसा झालाय, मुंबईला जाऊन आलो सगळे, दहा वर्षांचा मिळाला. रॉचेस्टरपासनं नायगारा गाडीनं दीड तासावर, म्हणजे बघणं आलंच. पण दाजी म्हणतात, असली नायगारा कॅनडाकडनं दिसतो, अमेरिकेच्या बाजूनं नुसती कड दिसते. आणि कॅनडाचा व्हिसा वेगळा, परत बेंगळूरला जाऊन बोटांचे ठसे द्या, परत बँकेची कागदं गोळा करा. आईचे गुडघे आधीच बोलायला लागलेत. एवढा खटाटोप करावा का हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न बाबांचा. बाबा पाटबंधारे खात्यात होते, धुपदाळ, हिडकलची धरणं, कालव्याची कामं यातच सगळी नोकरी गेली. त्यांचं म्हणणं, ऑगस्टात गोकाकच्या धबधब्याला जाऊन उभा रहा, तोच घोड्याचा नाल, तेच पाणी, वर करदंट खाऊन संध्याकाळी घरी. मी मोबाईलवर नायगाराचे फोटो दाखवले तर चष्मा वर करून म्हणाले, "क्युसेक किती?", म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी, आणि पाठोपाठ, "वर गेट कुठायत?" मला काय सांगता येईना. आई म्हणते, तुम्ही तिथं जाऊन पण पाणीच मोजणार काय ओ.

तर कुणी जाऊन आलेले असतील, खास करून म्हातारी माणसं घेऊन, तर सांगा. आणि क्युसेकचं पण बघा कुणीतरी, नाहीतर विमानात चौदा तास तेच ऐकावं लागणार.

कपिलेश्वर_ब्रिजखाली :
कॅनडा. डोळे झाकून कॅनडा. बाकी चर्चा फुकट.

वडगावची_लेक :
डोळे झाकून गेलं तर कॅनडा काय आणि गोकाक काय 😄

बरं, सविस्तर लिहिते, कारण माझे आई-बाबा आणि सासू-सासरे दोघांनाही घेऊन गेलेय आणि दोन्ही काठ बघितलेत. आधी कागदाचं. भारतीय पासपोर्ट असेल तर कॅनडाचा व्हिसा लागतोच, अमेरिकेचा दहा वर्षांचा असला तरी. ग्रीन कार्डवाल्यांना लागत नाही, म्हणून इथले आपले लोक बिनधास्त सांगतात "अगं पुलावरनं चालत जा की पलीकडं", त्यांना बाकीच्यांचा पासपोर्ट आठवत नाही. फी माणशी १०० कॅनेडियन डॉलर आणि ठशांचे ८५ वेगळे. ठसे एकदा दिले की दहा वर्षं चालतात, त्यामुळं पुढं टोरांटोला कुणाकडं जायचं असेल तर खर्च वसूल. पण फक्त दुपारभर धबधबा बघायला म्हणून काढणार असाल तर मी म्हणेन राहू दे.

आता दिसण्याचं. दाजी खोटं बोलत नाहीत. नायगारा म्हणजे एक धबधबा नाही, तीन आहेत. मोठा घोड्याच्या नालाचा, हॉर्सशू, तो बराचसा कॅनडात. शेजारी अमेरिकन फॉल्स, आणि त्याला चिकटून एक बारकी धार, ब्रायडल व्हेल. ही दोन्ही पूर्ण अमेरिकेत, आणि तिन्हींचं तोंड कॅनडाकडं. म्हणजे स्टेज अमेरिकेत आणि खुर्च्या कॅनडात. समोरनं एका नजरेत सगळं बघायचं तर पलीकडंच जायला पाहिजे, यात वादच नाही.

पण अमेरिकेच्या बाजूला गोट आयलंड म्हणून बेट आहे, त्याच्या टोकाला टेरापिन पॉइंट. तिथं तुम्ही हॉर्सशूच्या अगदी काठावर, कठड्याच्या पलीकडं हात लांब केला तर लागेल असं वाटतं इतक्या जवळ पाणी. नदी येते तेव्हा पांढरी, खळखळत येते, आणि कड्यावर आली की एकदम गुळगुळीत हिरवी होते, जाड काचेसारखी, आतलं सगळं आरपार दिसतं, आणि मग वाकते. ते वाकणं बघण्यासारखं. माझे सासरे तिथनं हलेनात, शेवटी पार्किंगचं कारण सांगून ओढून आणलं. बागेत शिरायला तिकीट नाही, पार्किंगचे पैसे तेवढे पडतात. १८८५ साली सुरू झालेली बाग आहे ती, अमेरिकेतलं सगळ्यात जुनं स्टेट पार्क म्हणतात.

तिथनंच लिफ्टनं खाली उतरून केव्ह ऑफ द विंड्स. पिवळा रेनकोट आणि चपला देतात, मग लाकडी जिन्यांवरनं ब्रायडल व्हेलच्या पायथ्याशी जायचं. सगळ्यात वरचा कट्टा धारेपासनं वीसेक फुटांवर, तिथं उभं राहिलं की वारा, पाणी आणि किंचाळणारी पोरं यात काही सुचत नाही. ते जिने दर वर्षी हिवाळ्याआधी काढतात आणि उन्हाळ्याआधी नव्यानं उभे करतात, कारण बर्फ ठेवत नाही. सप्टेंबरात असतात. पण आईंचे गुडघे दुखत असतील तर वरच्या कट्ट्याचा नाद नको, पायऱ्या ओल्या असतात आणि माणसं धक्के देत चढतात. खालनं बघितलं तरी भिजायला होतंच.

बोट मात्र सोडू नका. अमेरिकेकडनं मेड ऑफ द मिस्ट, निळा रेनकोट. कॅनडाची वेगळी, लाल रेनकोट. दोन्ही जातात त्याच जागी, नालाच्या पोटात. त्यामुळं बोटीपुरता कुठल्या देशाचा व्हिसा आहे यानं काही फरक पडत नाही.

शिनोळी_फाटा :
मी न्हाई गेलो कुठं अमेरिकेला, खरं हे वाचून हसूलालोय. आमचं घर बेळगाव तालुक्यात, शेत चंदगडात. घराचा उतारा कन्नडात, शेताचा सातबारा मराठीत, मधे बांध एकच. म्हस सकाळी कर्नाटकातनं सुटती, दिवसभर महाराष्ट्रात चरती, आनि दूध परत कर्नाटकात. तिला कोन ठसे मागत न्हाई. दूधसागराचं पण तेच की, गाडीतनं बघताना अर्धा डबा म्हनतोय गोव्याचा, अर्धा डबा म्हनतोय आमचा.

कपिलेश्वर_ब्रिजखाली :
चला, आलं सीमाप्रश्नावर. १९५६ पासून सुरू करू काय

संपादक :
नको. नायगारावर बोला. त्या विषयाचे आठ धागे आधीच कुलूप लावून ठेवलेत.

टिळकवाडी_तिसरं_गेट :
@वडगावची_लेक खूप धन्यवाद, इतकं कुणी सांगत नाही. आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली बोट चालेल, जिना नको. बाबा म्हणाले "सगळं सांगितलं, क्युसेक नाही सांगितलं". ऐका.

घटप्रभा_ते_हॅमिल्टन :
बाबांना माझा नमस्कार सांगा. मी मूळचा घटप्रभेचा, आता हॅमिल्टनला, नायगारा इथनं तासाभरावर, पाहुणे आले की आम्ही फुकटचे गाईड. त्यांचे दोन्ही प्रश्न अगदी बरोबर आहेत आणि नवल म्हणजे हे प्रश्न कुणीच विचारत नाही, सगळे फोटो काढून जातात.

क्युसेक : दिवसा एक लाख, रात्री पन्नास हजार. अंदाज नव्हे, करार आहे. १९५० साली अमेरिका आणि कॅनडा यांच्यात झाला. एप्रिल ते १५ सप्टेंबर सकाळी ८ ते रात्री १०, आणि १६ सप्टेंबर ते ऑक्टोबरअखेर सकाळी ८ ते रात्री ८, या वेळात धबधब्यावरनं कमीत कमी एक लाख क्युसेक सोडायचंच. बाकी वेळ आणि अख्खा हिवाळा पन्नास हजार पुरे. नदीला येतं साधारण दोन लाख. म्हणजे तुम्ही भर उन्हाळ्यात दुपारी बघता तेव्हा सुद्धा निम्मा नायगाराच बघता, उरलेला निम्मा बोगद्यांतनं वीजघरात गेलेला असतो, आणि मध्यरात्री तर पाऊण हिस्सा जातो. पर्यटक झोपले की पाणी टर्बाइनकडं.

गेट : आहेत. हॉर्सशूच्या थोडं वर, कॅनडाच्या काठापासनं साधारण निम्म्या नदीपर्यंत, १८ गेटांचा बांध आहे. आडवा पूर्ण नाही, नदी अडवत नाही, वरच्या डोहाची पातळी राखतो, म्हणजे वीजघराच्या तोंडाशी पाणी पुरेसं राहतं आणि धबधब्यालाही ठरलेलं मिळतं. कॅनडाच्या रस्त्यावरनं जाताना लांबच लांब दिसतो. हजारो लोक त्याच्या बाजूनं जातात, एकजण मान वळवत नाही. बाबा वळवतील.

हिडकलच्या भाषेत सांगायचं तर हिडकल भरलं की ५१ टीएमसी, म्हणजे ५१ अब्ज घनफूट. नायगाराच्या दिवसाच्या रेटनं सोडलं तर सहा दिवसांच्या आत तळ. म्हणजे आपल्या घटप्रभेचं वर्षभराचं जे काय आहे ते हा एका आठवड्याच्या आत पिऊन टाकणार. उलट बाजूनं पण बघा, २०१९ च्या पुरात आलमट्टीतनं पाच लाख क्युसेकच्या वर सोडलं होतं. तेवढ्यापुरती कृष्णा नायगाराच्या पाचपट झाली. फरक असा की कृष्णा मार्च-एप्रिलला कुठं असते ते सगळ्यांना माहितीय, आणि हा वर्षभर असतो. कारण मागं चार महातलाव आहेत, ईरी सगळ्यात शेवटचा, त्यात साठलेलं पाणी ही ५८ किलोमीटरची नदी ओंटारियोत नेऊन टाकते. पाऊस झाला नाही तरी नदीला कळत नाही.

पाणी स्वच्छ का, गोकाकसारखं लाल का नाही, हे पण त्यातच आलं. गाळ सगळा तलावात बसतो.

अजून एक, बाबांसाठी खास. अमेरिकेच्या बाजूला ल्युइस्टनला रॉबर्ट मोझेस वीजघर आहे, १९६१ चं, त्याचं बघायला ठेवलेलं दालन, पॉवर व्हिस्टा. धबधब्यापासनं गाडीनं दहा-पंधरा मिनिटं, प्रवेश फुकट. समोर पलीकडच्या काठावर कॅनडाचं ॲडम बेक. त्याला २०१३ ला नवा बोगदा जोडला, दहा किलोमीटरच्या वर लांब आणि १४.४ मीटर व्यासाचं यंत्र घालून खोदलेला, शहराच्या पोटाखालनं. व्हिसा नसला तरी या काठावरनं दोन्ही वीजघरं समोरासमोर दिसतात. माझ्या मते टिपिकल पर्यटकापेक्षा त्यांना हेच जास्त आवडेल.

टिळकवाडी_तिसरं_गेट :
वाचून दाखवलं. मोठ्यानं, दोनदा. पहिल्यांदा गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे पाळीच लावलीय की रे." मग वही काढली, जुनी खात्याची निळी वही अजून आहे, त्यात ५१ टीएमसीचा हिशेब स्वतः करून बघितला, म्हणाले ५.९ दिवस, माणूस बरोबर सांगतोय. आता विचारतात की एक लाख सुटतंय हे मोजतात कुठं, आणि एखाद्या दिवशी कमी सोडलं तर कोण कुणावर केस घालतं.

एका रात्रीत आमच्या घरात नायगाराचा एवढा अभ्यास झाला की आई म्हणाली आता जायची गरज नाही.

घटप्रभा_ते_हॅमिल्टन :
मोजायला दोन्ही देशांची माणसं आहेत, खालच्या दरीत पातळीची मापकं आहेत, त्यावरनं प्रवाह काढतात. केसचं : दोघांची मिळून एक संयुक्त समिती आहे, १९०९ च्या सीमाजल करारापासनं चालत आलेली, इंटरनॅशनल जॉइंट कमिशन. भांडण तिथं जातं. आपल्याकडं कृष्णेचे, म्हादईचे लवाद आहेत तसंच, फक्त तिथं निकाल लागतो 😄

खानापूर_स्टेशनरोड :
म्हादईचं नाव काढू नका, संपादक कुलूप घेऊन बसलेत.

गोकाकरोड_काकू :
गोकाकच्या बाजूनं कुणीतरी बोलायला पाहिजे म्हणून लिहायलेय. आमचं माहेर कोन्नूर. नायगाराचा मोठा धबधबा ५७ मीटर आणि आमचा ५२ मीटर, बघा म्हणजे किती फरक. रुंदीत मात्र कबूल, आमचा पावणेदोनशे मीटर आणि तो अर्ध्या किलोमीटरच्या कितीतरी वर. आणि पाण्यावर धंदा आम्ही पण आधीच केलाय. नायगाराच्या मोठ्या वीजघरातनं १८९६ ला बफेलोला वीज गेली, आमची गोकाक मिल १८८७ पासनं घटप्रभेच्या पाण्यावर फिरायली. भोंगा झाला की अख्खं फॉल्स उठायचं. मी लहान असताना झुलत्या पुलावरनं पलीकडं जायचो, खाली फळ्यांच्या फटीतनं पाणी दिसायचं, आई पदर तोंडात धरून चालायची. आता पूल बंदच ठेवतात बहुतेक वेळा.

तर बाबांचं चुकत नाही, पण एक सांगते, मुलाकडं गेले होते तेव्हा मी पण नायगारा बघून आले. गोकाक बघायला पाऊस लागतोय, वर हिडकल भरायला लागतंय, कॅलेंडर बघून जायला लागतंय. मार्चमधे गेलं तर काळा दगड आणि महालिंगेश्वराचं देऊळ. तिकडं कधी पण जावा. आणि दगडाचं पण सांगितलं आम्हाला तिथं, वरचा थर टणक आणि खालचा मऊ, पाणी खालचा मऊ खातंय मग वरचा तुटून पडतंय, असा तो धबधबा बारा हजार वर्षांत अकरा किलोमीटर मागं सरकलाय. आता वर्षाला साधारण फूटभर. पाणी वीजघराला जायला लागलं म्हणून वेग कमी झाला म्हणे. म्हणजे वीज केली म्हणून धबधबा टिकतोय, आमच्याकडं उलटं बोलतात सगळे.

कोगनोळी_नाका :
तुमच्या धाग्यात थोडं आफ्रिका घुसवतो, माफी. कामानिमित्त झांबियात होतो, तांब्याच्या खाणीच्या पट्ट्यात. तिथनं व्हिक्टोरिया धबधबा, झांबेझी नदी, अर्धा झांबिया अर्धा झिंबाब्वे. १०८ मीटर उंच, १७०८ मीटर रुंद. नायगारा बघितलेला नाही त्यामुळं तुलना करत नाही, पण काकूंनी कॅलेंडरचं काढलं म्हणून लिहितो. व्हिक्टोरियाला पण कॅलेंडर लागतं. मार्च-एप्रिल-मेला नदी भरून असते तेव्हा तुषारांचा ढग एवढा उठतो की लांबनं, कितीतरी किलोमीटरवरनं दिसतो, आणि तुम्ही समोर उभे राहिलात तर धबधबाच काय, काहीच दिसत नाही, फक्त आवाज आणि अंगावर खालनं वर येणारा पाऊस. ऑक्टोबर-नोव्हेंबरला उलटं, झांबियाच्या बाजूला नुसता काळा कडा, थोडंफार पाणी झिंबाब्वेकडं. जून-जुलै-ऑगस्ट त्यातल्या त्यात बरा.

तिथं पण हाच वाद, कुठला काठ. झिंबाब्वेकडनं समोरनं लांबच्या लांब दिसतो, झांबियाकडनं अंगावर येतो. पण त्या दोन देशांनी एक शहाणपणा केलाय, दोघांचा मिळून एकच व्हिसा, काझा म्हणतात, ५० डॉलर, त्यावर कितीही वेळा इकडनं तिकडं जा, बोत्स्वानात हत्ती बघायला दिवसभर जाऊन या. तुमच्या पासपोर्टला लागू आहे का ते निघायच्या आधी बघून घ्यायचं एवढंच. मधे १९०५ चा रेल्वेचा पूल आहे, दरीवर १२८ मीटरवर, इमिग्रेशनला सांगितलं की चिठ्ठी देतात, पुलावर जाऊन परत या. पुलाच्या मधोमध लोक पायाला दोरी बांधून उड्या मारतात. मी चहा घेऊन बघत उभा होतो.

कुणी जाणार असेल तर पिवळ्या तापाची लस आठवणीनं. विमान आदिस अबाबा किंवा नैरोबीवरनं असेल तर परत येताना आपल्या विमानतळावर पिवळं कार्ड मागतात, नसलं तर सहा दिवस वेगळं ठेवू शकतात. लस घेतल्यापासनं दहा दिवसांनी ग्राह्य धरतात, पण एकदा घेतली की जन्मभर.

टिळकवाडी_तिसरं_गेट :
@कोगनोळी_नाका भारी. बाबा विचारतात झांबेझीचे क्युसेक. नको, सांगू नका, झोपू दे त्यांना.

कपिलेश्वर_ब्रिजखाली :
मी अजून कॅनडावरच ठाम आहे. रात्री रंगीत लाईट सोडतात धबधब्यावर ते कॅनडाकडनंच बघायचं. आणि क्लिफ्टन हिल, नुसती मजा, आकाशपाळणा, मेणाचे पुतळे, भुताचा वाडा.

वडगावची_लेक :
क्लिफ्टन हिल म्हणजे यल्लम्माची जत्रा, फक्त भंडारा नाही. लहान पोरं असतील तर जावं. आई-बाबांच्या वयाला काय आहे तिथं? मला तर राग येतो, एवढा मोठा धबधबा आणि त्याच्या पाठीला पाठ लावून लोक बर्गरच्या रांगेत. लाईटचं खरं आहे, पण ते अमेरिकेच्या काठावरनं पण दिसतात, रंग पाण्यावर पडतो तो कुठनंही पडलेलाच. आणि वर हॅमिल्टनवाल्या दादांनी सांगितलंच, उशिरा रात्री पाणी निम्मं. म्हणजे लाईट पूर्ण आणि धबधबा अर्धा.

इंद्रधनुष्याचं राहिलं. सूर्य पाठीशी पाहिजे. अमेरिकेकडनं आपण पश्चिमेला बघतो, म्हणजे सकाळी तिकडं बरं. कॅनडाकडनं दुपारनंतर. ऊन असेल तर जवळजवळ हमखास. रॉचेस्टरवरनं सकाळी सातला निघा, गर्दीच्या आधी पोचाल.

घटप्रभा_ते_हॅमिल्टन :
बरोबर. मी कॅनडात राहतो तरी सांगतो, व्हिसा नसेल तर रडू नका. असलेल्या काठावर पूर्ण दिवस घालवा, दोन्ही काठांवर धावत अर्धा-अर्धा घालवण्यापेक्षा.

पुलाचं सांगतो, कुणाला व्हिसा असेल तर उपयोगी पडेल. रेनबो ब्रिज चालत ओलांडता येतो, मधे दोन देशांचे झेंडे आणि सीमेची पाटी, सगळे एक पाय इकडं एक तिकडं ठेवून फोटो काढतात. पायी माणसाला पण टोल आहे, कॅनडा सोडताना, सुटी नाणी ठेवा. हा पूल १९४१ चा. आधीचा होता तो १९३८ च्या जानेवारीत बर्फाच्या लोंढ्यानं खालचे पाय ढकलून पाडला, आदल्या दिवशीच बंद केला होता म्हणून माणसं वाचली. नवा बांधताना पाय वर कड्यात, बर्फ पोचणार नाही असे घेतले.

खानापूर_स्टेशनरोड :
बर्फावरनं आठवलं. १८४८ ला मार्चमधे ईरीच्या तोंडाशी बर्फ अडकून नायगारा तीसेक तास जवळजवळ बंद पडला होता. लोक पात्रात उतरून फिरले म्हणे. आणि १९६९ ला अमेरिकन फॉल्स मुद्दाम बंद केला, लष्कराच्या इंजिनिअरांनी वर मातीचा बांध घातला, जून ते नोव्हेंबर कोरडा. खाली दरडींचा ढीग पडलाय तो काढायचा का ते बघायला. सगळं मोजमाप करून ठरवलं की काढायचा नाही, आहे तसा ठेवायचा. त्या उन्हाळ्यात कोरडा धबधबा बघायला माणसं आली, हे मला फार आवडतं. लोकांनी वर्षानुवर्षं टाकलेली नाणी तळाशी सापडली.

पिंपातनं उडी मारलेली पहिली व्यक्ती पण पैलवान-बिलवान नव्हती. ॲनी एडसन टेलर, शाळेची बाई, १९०१, स्वतःच्या ६३ व्या वाढदिवसाला. म्हातारपणी पैसे मिळतील या आशेनं. वाचली, पैसे मात्र फारसे मिळाले नाहीत.

गोकाकरोड_काकू :
अगं बाई. पेन्शन नसेल.

शिनोळी_फाटा :
एक विचारतो, बहिनीला काय न्हेनार? कुंदा?

वडगावची_लेक :
कुंदा नको. दुधाच्या पदार्थावर अमेरिकेचं कस्टम्स कडक आहे, फॉर्मवर लिहा अगर विचारल्यावर सांगा, बहुतेक वेळा काढूनच घेतात, आणि लपवून सापडला तर दंड. डोळ्यांदेखत कचऱ्यात जाताना बघवत नाही. करदंट न्या, डिंक-सुकामेवा-गुळाचा, पाकीटबंद, आणि विचारलं की सरळ सांगा. मांडे मोडतात. चटणी-पूड डबल पिशवीत.

खाण्याची तिथं काळजी नाही. अमेरिकेच्या बाजूला धबधब्यापासनं चालत अंतरावर भारतीय हॉटेलं रांगेनं आहेत, डोसा, थाळी, पावभाजी, सगळं. चव सांगत नाही, पण बाबांना भात मिळेल.

टिळकवाडी_तिसरं_गेट :
ठरलं मग. कॅनडाचा व्हिसा काढत नाही. १५ सप्टेंबरच्या आत जायचं, करारातल्या रात्री दहाच्या वेळेत बसेल असं, हे बाबांनी ठरवलंय, मी नाही. सकाळी टेरापिन पॉइंट, मग बोट, दुपारी पॉवर व्हिस्टा. दाजींना सांगितलं, ते जरा नाराज आहेत, असू दे. एकच शेवटचं, आईला बोटीपर्यंत पायऱ्या किती? आणि तिला बसायला मिळतं का बोटीवर?

वडगावची_लेक :
पायऱ्या टाळता येतात, बुरुजावरनं लिफ्टनं खाली धक्क्यापर्यंत जाता येतं. बोटीवर मात्र सगळे उभेच असतात, पण फेरी वीसेक मिनिटांची. खालच्या डेकला कठड्याशी जागा धरा, वर जायचा जिना आहे त्याच्या नादी लागू नका, खाली भिजणं तेवढंच. उतरल्यावर वर फिरायला पायी फार होतं, बागेत ट्रॉली फिरते, तिकीट काढून दिवसभर चढा-उतरा. आणि आईंना चप्पल घालून नेऊ नका, मागं पट्टा असलेले सँडल. साडी असेल तर रेनकोट घालायच्या आधी निऱ्या वर खोचायला सांगा, रेनकोट गुडघ्यापर्यंतच येतो.

टिळकवाडी_तिसरं_गेट :
ड्रेस घालणार आहे म्हणे. शहापुरातनं दोन शिवायला टाकलेत.